पैसे वसूल? जत्रेच्या पाळण्यापासून फाटकावरच्या तिकिटापर्यंत

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात थीम पार्कचं काय काम? पण पनवेलमध्ये मे महिन्यात घराघरांत जो एक वाद होतो, त्याचं मूळ इतिहासातच आहे. मुलं म्हणतात, इमॅजिकाला जाऊ. वडील म्हणतात, चार-पाच जणांचं तिकीट, वर आत जेवण, गाडीचा खर्च. एवढे पैसे वसूल होतात का? आणि आजी म्हणते, मी पाळण्यात बसणार नाही, मग माझं तिकीट कशाला? या तिघांत सर्वांत नेमका प्रश्न आजीचा आहे. आज आपण त्याच प्रश्नाचा माग काढू.

सुरुवात आपल्याच भागातून करू. खालापूर तालुक्यात खोपोलीजवळ साजगावला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. नावातच तिचा बाजार आहे. सुक्या मासळीसाठी ती प्रसिद्ध. आता अशा कुठल्याही यात्रेची आर्थिक रचना बघा. मैदानाला फाटक नाही. आत यायला पैसे नाहीत. आकाशपाळण्यात बसायचं तर त्याचे वेगळे, मौत का कुआँ बघायचा तर त्याचे वेगळे. ज्याला बसायचं तो देतो, ज्याला नाही तो खाली उभा राहून हात हलवतो, भजी खातो, पुढच्या पावसाळ्याची मासळी भरून घरी जातो. म्हणजे आजीला जत्रा फुकट. पोराला चकराच्या एका फेरीनंतर मळमळलं, तर नुकसान एका फेरीचं, दिवसाचं नाही.

ही पद्धत आपलीच आहे असं मात्र समजू नका. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी 264 फूट उंचीचं ते प्रसिद्ध चाक उभं केलं. प्रदर्शनाचं प्रवेश तिकीट 50 सेंट, आणि चाकात बसायचे आणखी 50 सेंट. म्हणजे दोन वेगळे दर. पुढे चारच वर्षांत, 1897 मध्ये, न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला जॉर्ज टिल्यू यांनी स्टीपलचेस पार्क सुरू केलं. त्यांनी जागेला कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि 25 सेंटचं एकत्र तिकीट आणलं: एकदा पैसे द्या आणि आतले खेळ खेळा. आज आपण ज्याला सरसकट तिकीट म्हणतो, त्याचा हा एक जुना पूर्वज.

गंमत अशी की डिस्नेलँडने सुरुवातीला हे केलं नाही. 17 जुलै 1955 ला ते उघडलं तेव्हा प्रौढांना प्रवेश एक डॉलर होता आणि राइडचे पैसे वेगळे. त्याच वर्षी कूपनांची पुस्तकं आली; ए, बी, सी असे वर्ग, पुढे डी, आणि 1959 मध्ये ई. सर्वांत थरारक राइडला ई तिकीट लागायचं. ही कूपनं 1982 पर्यंत चालली, मग तिथेही एकच तिकीट झालं. मधल्या काळात, 1971 साली, वॉल्टर ओय या अर्थशास्त्रज्ञाने यावर एक निबंध लिहिला. प्रश्न साधा होता. पार्कवाल्याने पैसे फाटकावर घ्यावेत की पाळण्यावर? उत्तराचं सार असं: सगळी गिऱ्हाइकं सारखीच असतील, तर पाळणा जवळजवळ खर्चाच्या भावात द्यावा आणि उरलेला सगळा फायदा फाटकावर घ्यावा. पण माणसं सारखी नसतात. एक दहा वेळा बसणारा, एक एकदाच बसणारा, एक नुसता बघणारा. तिथे हिशेब अवघड होतो. आजीचा प्रश्न अर्थशास्त्रात असा पोचलेला आहे.

आता भारतात येऊ. 1982 च्या आशियाई खेळांचा हत्ती होता अप्पू. त्याच्या नावावर 1984 च्या नोव्हेंबरात दिल्लीत प्रगती मैदानाजवळ अप्पू घर सुरू झालं. ते 2008 मध्ये बंद झालं. 1989 मध्ये मुंबईत गोराईला सुभाष चंद्र यांचं एस्सेलवर्ल्ड आलं. त्या पिढीला मुंबई-ठाणे-पनवेलकडची शाळेची सहल म्हटलं की तराफ्यासारख्या बोटीतून गोराईची खाडी ओलांडणं आठवतं. आणि आपल्याकडे याच्याही आधीचा एक वेगळा नमुना होता, तो म्हणजे पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी. 1956 साली सुरू झालेली ही छोटी आगगाडी महापालिकेची. ती नफ्यासाठी नव्हती. शहरातल्या पोरांनी गाडीत बसावं म्हणून होती. म्हणजे आपल्याकडे करमणुकीचे तीन रस्ते झाले: जत्रेचा, पालिकेचा आणि फाटकाचा.

यात सरकारचा भागही बघायला हवा. मुंबई इलाख्याचा करमणूक शुल्काचा कायदा 1923 चा. त्याने कर बसवला तो प्रवेशासाठी दिलेल्या पैशावर. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा थीम पार्कच्या प्रवेशावर 28 टक्के लागले. जानेवारी 2018 मध्ये ते 18 टक्के झाले. हजार रुपयांच्या तिकिटावर आधी 280 रुपये कर, मग 180. आपण फाटकावर जे देतो, त्यातला एवढा वाटा पाळण्याचा नसतोच.

आता इमॅजिका. एप्रिल 2013 मध्ये खोपोली-पाली रस्त्याच्या बाजूला मनमोहन शेट्टी यांच्या अ‍ॅडलॅब्जने ते सुरू केलं. जागा सुमारे 300 एकर, गुंतवणूक दीड हजार कोटींच्या वर, त्यातला मोठा भाग कर्जाचा. द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झालेला होता, त्यामुळे मुंबई आणि पुणे अशी दोन्ही गिऱ्हाइकं हाताशी. पनवेलहून तर तासाभराचा रस्ता. मग अडलं कुठे? एक कल्पित हिशेब करू, आकडे फक्त समजण्यासाठी. समजा कर्ज हजार कोटी आणि व्याज दहा टक्के. वर्षाला व्याज झालं शंभर कोटी. वर्षात दहा लाख माणसं आली, तर माणशी एक हजार रुपये नुसत्या व्याजाचे! त्यात वीज नाही, पगार नाही, देखभाल नाही. तिकीट महाग का, याचं एक मोठं उत्तर इथे आहे. ते पाळण्याच्या फेरीत कमी आणि पाळणा उभारायला घेतलेल्या पैशात जास्त आहे.

आणि लोकांनी सहज पैसे दिले, असंही झालं नाही. 2015 च्या मार्चमध्ये कंपनीने समभाग विकायला काढले, मुख्यतः कर्ज फेडण्यासाठी. प्रतिसाद थंड मिळाला; मुदत वाढवावी लागली, किंमत खाली आणावी लागली. पुढे तोटा, मग कोरोनाची टाळेबंदी, आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने पार्क ताब्यात घेतलं. त्याच वर्षी तिकडे एस्सेलवर्ल्ड बंद पडलं. म्हणजे बघा, गिऱ्हाईक म्हणतं तिकीट परवडत नाही, आणि मालक म्हणतो या तिकिटात पार्क परवडत नाही. दोघेही खोटं बोलत नाहीत.

मग पैसे वसूल होतात का? आता आपण उत्तर देऊ शकतो. सरसकट तिकिटात आत गेल्यावर प्रत्येक फेरी फुकट असते. फुकट असलं की गर्दी होते, आणि गर्दीची किंमत आपण रांगेत वेळाने चुकवतो. समजा तिकीट दीड हजारांचं. सुट्टीच्या रविवारी दिवसभरात आठ राइड झाल्या, तर एक फेरी पडली 188 रुपयांना. साध्या मंगळवारी पंधरा झाल्या, तर शंभराला. पार्क तेच, पाळणा तोच. बदलला तो वार. म्हणून तर पार्कवाले रांग टाळायची एक्स्प्रेस तिकिटं विकतात. 1982 मध्ये गेलेलं ई तिकीट मागच्या दाराने परत आलं, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा घरातला हिशेब माणशी नको, बसणाऱ्यामागे करा. पाच जणांत बसणारे दोनच असतील, तर तीन तिकिटं सोबतीची आहेत, हे आधी मान्य करावं. ज्येष्ठांना सवलत असेल तर घ्यावी, पण सवलत म्हणजे फुकट नव्हे. उंचीची अट आधी वाचावी. लहानग्याला अर्ध्या राइडवर घेणारच नसतील तर दोन वर्षं थांबलेलं बरं. कॉलेजची पोरं आठवड्यात मधल्या वारी गेली, तर त्यांचे पैसे बहुतेक वसूल होतात. आणि जत्रेचा पाळणा स्वस्त म्हणून सदासर्वदा चांगला, असंही म्हणू नये. दर पंधरवड्याला गाव बदलणाऱ्या, नटबोल्ट खोलून पुन्हा जोडल्या जाणाऱ्या पाळण्याची तपासणी नीट झाली आहे का, हा प्रश्न त्या स्वस्तातच दडलेला असतो. फाटकावरच्या पैशातून कायमची देखभाल होते, ही त्याची जमेची बाजू. ती होते की नाही, हे विचारायचा हक्कही त्या तिकिटातच येतो.

पण शेवटी एक गोष्ट घराच्या हिशेबापलीकडची. पनवेलला 1852 मध्ये नगरपालिका मिळाली, 2016 मध्ये महापालिका झाली. याच हद्दीत खारघरचं सेंट्रल पार्क आहे, गावात वडाळे तळ्याचा काठ आहे. या जागी आजीला कोणी तिकीट विचारत नाही. शहर वाढतंय, मैदानाला भाव येतोय, आणि मोकळी मैदानं गेली की जत्राही जाते. मग मुलांच्या करमणुकीला एकच रस्ता उरतो, फाटकाचा. ज्याच्याकडे पर्याय नाही, त्याला कुठलंही तिकीट महागच पडतं. म्हणून थीम पार्कला जरूर जावं, हौसेने जावं. पण आपल्या प्रभागात पाळणा लावायला जागा राखली आहे का, फुलराणीसारखं काही पालिका करणार आहे का, हेही नगरसेवकाला विचारावं. त्या विचारण्याला पैसे पडत नाहीत.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.