मंद गतीचे मूळ

अमेरिकेतील एओएल कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली आणि टेलिफोनच्या तारेवरून घराघरांत इंटरनेट नेणाऱ्या काळावर जवळजवळ पडदा पडला. त्या काळाची आठवण निघाली की मोडेमची किरकिर आणि फाइल उतरण्याची लांबलेली वाट यांवर चार विनोदी वाक्ये बोलून विषय संपतो. आम्हांस मात्र त्या संथपणाचा इतिहास थोडा गांभीर्याने पाहण्याजोगा वाटतो. गती मंद का होती, लोक तिचे कारण कसे शोधीत आणि तिच्यामुळे घरांत कोणत्या सवयी रुजल्या, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. आणि शेवटच्या प्रश्नाशी बृहन्महाराष्ट्रातील जुन्या कुटुंबांचा अगदी आजचा संबंध आहे.

मूळ अडचण साधी होती. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घातलेली होती. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी ती यंत्रणा वाहून नेई. संभाषणाला तेवढे पुरे. संगणकाची शून्य-एकाची भाषा या अरुंद वाटेने न्यायची, तर तिला ध्वनीचे रूप द्यावे लागे आणि पलीकडे तो ध्वनी पुन्हा आकड्यांत उतरवावा लागे. हे दुहेरी काम करणारे यंत्र म्हणजे मोडेम. १९८१ साली निघालेला हेज कंपनीचा स्मार्टमोडेम सेकंदाला ३०० बिट नेई. १९९४ च्या व्ही.३४ या मानकाने हा आकडा २८,८०० वर आणि पुढे १९९६ मध्ये ३३,६०० वर नेला. १९९८ च्या व्ही.९० मानकाने माहिती उतरवून घेण्यासाठी ५६,००० चे आश्वासन दिले.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. प्रारंभी ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत होते. ज्या गावी केंद्र नव्हते, तेथील माणसाला दूरच्या केंद्राशी एस.टी.डी.ने जोडून घ्यावे लागे. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना मोकळे झाले आणि सेवा हळूहळू मध्यम शहरांत पोहोचली. परंतु इंटरनेटच्या तासांचे पैसे वेगळे आणि टेलिफोन कॉलचे वेगळे, हा दुहेरी हिशेब राहिलाच. मुलगा न्यू जर्सीत आणि आईवडील इंदुरात किंवा बडोद्यात, अशा घरी मंद गती म्हणजे केवळ कंटाळा नव्हता. महिनाअखेरच्या बिलात ती रुपयांनी मोजली जाई.

म्हणून दोष शोधणे ही घरोघरची विद्या झाली. तिची पहिली पायरी हिशेबाची. मोडेमची गती बिटांत सांगत, तर फाइलचा आकार बाइटांत. आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. ३३,६०० बिटांच्या जोडणीवर सेकंदाला जेमतेम ४,२०० बाइट उतरत, म्हणजे एका मेगाबाइटला चार मिनिटे. हे ध्यानात आले की निम्म्या तक्रारी तेथेच मिटत. दुसरा फसवा आकडा पडद्यावर दिसे. तेथे कधी कधी १,१५,२०० अशी भव्य गती झळके; ती मोडेम आणि संगणक यांच्यामधील जोडणीची असे, बाहेरच्या तारेची नव्हे.

पुढची पायरी घरातील. त्याच तारेवर दुसऱ्या खोलीत पॅरलल फोन असला, भिंतीवरील रोझेटचे स्क्रू गंजलेले असले, किंवा तार ट्यूबलाइटच्या चोकजवळून गेली असली, की लाइनवर खरखर येई. मग मोडेम चुकलेला मजकूर पुन्हा पुन्हा मागवी. जोडणी ३३,६०० ची दिसे आणि फाइल मात्र गोगलगाईच्या चालीने उतरे. कॉल वेटिंगची एक शीळ अख्खी जोडणी तोडू शके. जाणता माणूस प्रथम रिसीव्हर कानाला लावून नुसती लाइन ऐके, मग बाकीचे फोन काढून मोडेम थेट मुख्य रोझेटला जोडी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाही. खरखर तरीही राहिली, तर दोष उंबरठ्याबाहेरचा समजावा. गल्लीतील डीपीमध्ये, जमिनीखालच्या केबलच्या जोडात किंवा पावसाने त्यात शिरलेल्या पाण्यात. अशा वेळी मोडेमला मुद्दाम कमी गतीवर बांधून ठेवणे लाभाचे ठरे. कारण सावकाश पण अखंड चालणारी जोडणी वारंवार तुटणाऱ्या वेगवान जोडणीपेक्षा लवकर काम उरके.

एवढे करूनही ‘५६ के’ लिहिलेला नवा मोडेम ३३,६०० च्या पुढे सरकत नसे, आणि दोष बिचाऱ्या यंत्राच्या माथी येई. त्याचे मूळ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. अंकीय एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना आठ बिटांत साठवते. म्हणजे ६४,००० बिट. व्ही.९० चा वेग या व्यवस्थेवरच उभा होता. सेवा देणाऱ्यापासून आपल्या एक्स्चेंजपर्यंतची वाट पूर्ण अंकीय हवी, ही त्याची अट होती. वाटेत एक जुना टप्पा आला की अट मोडे. अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्राउजरने १८९१ मध्ये पेटंट घेतलेली खटखट वाजणारी यांत्रिक एक्स्चेंजे आपल्याकडे दीर्घकाळ चालली. त्यांची जागा घेण्यासाठी १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले सॅम पित्रोदा हे तिचे प्रमुख प्रेरक. वातानुकूलनाशिवाय चालणारे तिचे १२८ जोडण्यांचे पहिले ग्रामीण अंकीय एक्स्चेंज १९८६ मध्ये बसले ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे. इंटरनेट येण्याच्या नऊ वर्षे आधी त्याची पायवाट आपल्या सीमाभागातून अशी निघाली होती.

मंद गतीला एक कारण भाषेचेही होते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान असले, तरी घरगुती संगणकांना ती २००० नंतरच नीट वाचता येऊ लागली. तोवर पुष्कळ मराठी मजकूर चित्ररूपाने येई, नाहीतर आधी त्या त्या स्थळाचा फाँट उतरवून घ्यावा लागे. युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. दोन हजार चिन्हांचे पान उतरायला दीड सेकंद पुरे. तेच पान एक लाख बाइटांचे चित्र म्हणून आले, तर चोवीस सेकंद. इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा मराठी वाचणाऱ्याचे मीटर असे अधिक फिरे.

या साऱ्यातून एक सवय जडली. लाइन जोडावी, पत्रे झटपट उतरवून घ्यावीत, लाइन सोडावी आणि मग निवांत वाचावे. त्या वेळचे ई-मेलचे प्रोग्रॅम पत्र उतरल्यावर सेवा देणाऱ्याकडील प्रत सहसा पुसून टाकीत. परिणामी पुष्कळ घरांत १९९५ ते २००५ या दशकातील पत्रव्यवहाराची एकमेव प्रत माळ्यावरच्या बंद संगणकात आहे. आपल्या कुटुंबांनी मोडी लिपीतील दफ्तरे रेशमी रुमालात बांधून दोन-दोन शतके सांभाळली. ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची पत्रे मात्र भंगारवाल्याच्या तराजूत जात आहेत. कागद वाळवीतूनही अर्धामुर्धा वाचतो. चुंबकीय तबकडी बिघडली की बहुधा सारेच जाते.

उपाय अवघड नाही. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून साध्या यूएसबी जोडणीने आजच्या संगणकाला लावता येते. आउटलुक एक्सप्रेसची पत्रे डीबीएक्स नावाच्या फायलींत असतात. त्या जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात आणि त्यांच्याबरोबर जुन्या मराठी फाँटच्या फायलीही, कारण त्यांच्याविना मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग होईल. फ्लॉपींचेही तसेच करावे. परदेशी गेलेल्या पहिल्या पिढीचे बोल, नातवंडांच्या जन्माच्या वार्ता, वाड्यांच्या वाटण्यांचे सल्ले त्या तबकड्यांत आहेत. मिनिटामिनिटाचे पैसे मोजून उतरवलेली ही पत्रे आहेत. संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याची डिस्क तेवढी काढून ठेवावी.