पाहुणी मोटार

परदेशीं दोन-तीन वर्षांकरितां बिऱ्हाड करण्यास निघालेल्या गृहस्थाच्या पुस्तकांची अथवा भांड्याकुंड्यांची कोणी विशेष चौकशी करीत नाहीं. पण आपली मोटारहि बरोबर न्यावी असें त्यानें मनांत आणलें, कीं दोन राज्यांचीं सरकारें एकदम जागीं होतात. मोटार ही वस्तु म्हणून जकातीस पात्र, वाहन म्हणून नोंदणीस पात्र, आणि ती हांकणारा मनुष्य परीक्षेस पात्र. या तिहेरी अडचणींतून गेल्या सव्वाशें वर्षांत जी वाट काढली गेली, तिचा इतिहास लहान असला तरी रंजक आहे. त्यांतील पहिलें श्रेय सरकारांचें नसून खासगी मंडळांचें आहे, ही गोष्ट आमच्या मतें विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे.

नोंदणीची कल्पना मुळांतच स्थानिक. पॅरिसच्या पोलिसांनीं १४ ऑगस्ट १८९३ च्या हुकुमान्वयें वाहनांस पाटी लावण्याची सक्ति केली. इंग्लंडांत १९०३ चा मोटार-कायदा १ जानेवारी १९०४ पासून अमलांत आला, आणि प्रत्येक गाडीस क्रमांक व प्रत्येक चालकास परवाना आवश्यक झाला. परवान्यास पांच शिलिंग पुरत. परीक्षा कसलीच नसे. परंतु क्रमांक देणाऱ्या कचेरीचा अंमल आपल्या हद्दीपुरताच. इंग्लिश खाडी ओलांडली कीं त्या पाटीचा अर्थ संपला!

याहून बिकट प्रश्न जकातीचा. गाडी घेऊन आलेला प्रवासी ती येथेंच विकून जाणार नाहीं कशावरून? म्हणून सरहद्दीवर जकातीची रक्कम अनामत ठेवावी आणि परत जातांना ती मागून घ्यावी, असा रिवाज पडला. येथें प्रवासी-मंडळें पुढें आलीं. १८९८ सालीं लक्झेंबर्ग येथें सतरा मंडळांनीं आपला एक संघ स्थापन केला. त्यांत सायकलस्वारांचा भरणा मोठा होता, कारण पायगाडीलाहि जकातीचा जाच होताच. या मंडळांनीं ‘त्रिप्तिक’ नांवाचा तीन भागांचा कागद प्रचारांत आणला. प्रवेशाच्या वेळीं एक भाग नाक्यावर राही, बाहेर पडतांना दुसरा. तिसऱ्यावर दोन्ही शिक्के घेऊन तो प्रवाशानें आपल्या मंडळास परत करावयाचा. गाडी मुदतींत बाहेर गेली नाहीं, तर जकात मंडळानें भरावी आणि मग आपल्या सभासदाकडून वसूल करावी. पुढें अनेक देशांस पुरतील अशा पानांचें पुस्तकच निघालें. त्यास ‘कार्ने’ म्हणतात.

आमच्याकडील सावकारी पेढ्यांची हुंडी ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. हुंडी आणणारा अनोळखी असला तरी चालतो. जिनें ती लिहिली त्या पेढीचा शब्द ओळखीचा असावा लागतो. सरकारी अंमलदार परक्या माणसावर विश्वास ठेवीत नाहीं, आणि ठेवूंहि नये. परंतु त्या माणसाच्या मागें उभ्या असलेल्या संस्थेवर तो ठेवूं शकतो. संयुक्त राष्ट्रांनीं खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयींचा करार न्यूयॉर्क येथें केला तो ४ जून १९५४ रोजीं, म्हणजे मंडळांनीं ही वहिवाट पाडल्यावर अर्धशतकानें. मुंबईंत १९१९ मध्यें स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही आपल्याकडील अशीच संस्था. विलायतेस आपली गाडी घेऊन निघालेल्या अनेक हौशी मंडळींस तिच्या दारावरूनच जावें लागलें आहे.

नोंदणीची कोंडी फुटली ती ११ ऑक्टोबर १९०९ रोजीं, पॅरिस येथें झालेल्या करारानें. ज्या राष्ट्रांनीं त्यावर सही केली, त्यांनीं एकमेकांच्या तपासणीस मान द्यावा. स्वदेशीं मिळालेला आंतरराष्ट्रीय दाखला एक वर्ष सर्वत्र चालावा. गाडीच्या मागें लंबवर्तुळाकार पाटीवर देशाचीं अक्षरें असावींत, इतकी ती साधी योजना. ब्रिटननें त्याच वर्षीं तदर्थ निराळा कायदा केला. त्याच्या गाड्यांवरील ‘जी बी’ हीं अक्षरें शंभराहून अधिक वर्षें टिकलीं आणि २८ सप्टेंबर २०२१ पासून त्यांच्या जागीं ‘यू के’ हीं आलीं. आपल्या गाड्यांवर परतंत्र काळांत ‘बी आय’ असे, आतां ‘आय एन डी’ असतें. १९२६ च्या पॅरिस-करारानें गाडीचा दाखला आणि चालकाचा परवाना वेगळे केले. १९ सप्टेंबर १९४९ च्या जिनीव्हा-करारानें मूळ देशाची नोंदणीच ग्राह्य धरली. १९६८ चा व्हिएन्ना-करार त्याच वाटेचा पुढचा टप्पा होय.

रस्त्याची बाजू मात्र कोणत्याहि करारानें एक झाली नाहीं. पोर्तुगालनें १९२८ सालीं डावी बाजू सोडून उजवी धरली. पण गोमंतक, मकाव आणि मोझांबिक हे प्रदेश डावीकडेच राहिले. लिस्बनचें राज्य असलें तरी गोव्याच्या वाटा बेळगांव-सावंतवाडीकडेच जात. राज्यकर्त्यांपेक्षां शेजाऱ्याचा शब्द रस्त्यावर अधिक चालतो, तो असा.

आतां खरा वादाचा मुद्दा. ‘तात्पुरता’ म्हणजे किती? सहलीस आलेला पाहुणा आणि घर करून राहिलेला रहिवासी यांतील रेघ कोणी, कोठें काढावी? युरोपीय समुदायानें २८ मार्च १९८३ रोजीं जो नियम केला, त्यांत बारा महिन्यांपैकीं सहा महिने परकी गाडी करमुक्त राहील असें ठरलें. ज्या देशांत मनुष्य व्यक्तिगत व व्यावसायिक संबंधांमुळें वर्षांतून किमान १८५ दिवस राहतो, तें त्याचें नित्य वसतिस्थान मानलें गेलें. केवळ विद्याभ्यासास आलेल्या विद्यार्थ्यास सवलत निराळी. नियम सुबक दिसतो. पण मनुष्याचें आयुष्य इतकें सुबक नसतें. डेन्मार्कचा एक नागरिक जर्मनींत नोकरी करी, तेथेंच त्याचें घर होतें आणि मोटारहि तेथीलच नोंदणीची. परंतु त्याची प्रेयसी डेन्मार्कमध्यें राहत असे, आणि वर्षाहून अधिक काळ तो रात्री व सुटीचे दिवस तिच्याकडे काढी. मोटारीवरील डॅनिश कर गाडीच्या किंमतीहूनहि अधिक होई. तेव्हां तेथील अधिकाऱ्यांनीं त्यास आपला रहिवासी ठरविलें यांत आश्चर्य नाहीं. हें प्रकरण युरोपीय न्यायालयापुढें गेलें. १९९१ मध्यें न्यायालयानें सांगितलें, कीं नोकरी व घर दुसऱ्या देशांत कायम असतां केवळ रात्री व सुट्या मैत्रिणीकडे घालविल्यानें वसतिस्थान बदललें असें म्हणतां येणार नाहीं. सर्व संबंधांचा एकत्र विचार केला पाहिजे. रात्री मोजण्यापेक्षां नातीं तोलणें कठीण खरें, परंतु आम्हांस हा निर्णय न्याय्य वाटतो. दिवसांची गणना कारकुनास सोयीची असते. न्यायाधीशानें तिच्यावर थांबूं नये.

चालकाच्या बाबतींत मात्र अशी उदारता क्वचितच दिसते. जर्मनींत वास्तव्य करणाऱ्यास भारतीय परवान्यावर सहा महिने गाडी चालवितां येते. राहणें वर्षाच्या आंतलेंच असल्याचें सिद्ध केल्यास मुदत वाढते, नाहीं तर लेखी व प्रत्यक्ष परीक्षा देणें आलेंच. ब्रिटनमध्यें ही मुदत बारा महिन्यांची. तेथें बिऱ्हाड हलविणाऱ्यास स्वतःची गाडी करमुक्त आणतां येते; पण ती त्यानें किमान सहा महिने वापरलेली असावी, आणि आणल्यापासून एक वर्ष विकूं नये. यांत अन्याय आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वीस वर्षें पुण्याच्या गर्दींत गाडी हांकलेल्या प्रौढ गृहस्थानें परक्या गांवीं शिकाऊ म्हणून बसावें यांत मानहानि वाटली, तरी बर्फावर गाडी घसरली म्हणजे त्याच्या वीस वर्षांचा उपयोग मर्यादितच होतो.

आपल्या देशानेंहि २०२२ मध्यें भारतांत येणाऱ्या खासगी परदेशी वाहनांविषयीं नियम केले. नोंदणीपत्र, परवाना, विमा व प्रदूषण-तपासणीचा दाखला जवळ असावा. ते दुसऱ्या भाषेंत असतील तर इंग्रजी भाषांतर जोडावें. आणि अशा गाडींतून येथील उतारू अथवा माल नेऊं नये. सुकाणू डावीकडे असलेल्या गाडीविषयीं १९८८ च्या मोटार-वाहन कायद्यांत अगोदरच एक कलम आहे. यांत्रिक किंवा विजेचें इशारा-साधन चालू स्थितींत असल्याशिवाय ती रस्त्यावर आणतां येत नाहीं. कारण डाव्या बाजूस बसलेल्या चालकानें कांचेबाहेर हात काढला, तर तो मागून पुढें येऊं पाहणाऱ्यास दिसावयाचा कसा?