दानशूरता आणि व्यापारधर्म : शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या निमित्ताने

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समाजातील दानशूर व्यापाऱ्यांविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. दात्यांची नामावली देणे सोपे आहे. परंतु नफ्यातील काही भाग दान केला म्हणजे व्यापाऱ्याचे समाजाप्रती असलेले कर्तव्य पूर्ण होते काय, हा प्रश्न मला अनेक वर्षे पडलेला आहे. म्हणून शेठ प्रेमचंद रायचंद (१८३१-१९०६) यांचे चरित्र पुन्हा पाहावेसे वाटले.

सुरतेचे हे जैन गृहस्थ मुंबईत दलालीच्या व्यवसायात अग्रेसर झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसाचे भाव गगनाला भिडले. मुंबईत आलेल्या त्या पैशावर नित्य नव्या कंपन्या निघू लागल्या. बॅक बे भरणीच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर तर पन्नास हजारांच्या अधिमूल्यावर गेला! या तेजीचे अग्रणी प्रेमचंद शेठ होते. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख व मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मातोश्री राजाबाई यांचे नाव लाभलेला हा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. अंध मातोश्रींना सूर्यास्तापूर्वी भोजनाची वेळ कळावी म्हणून हे घड्याळ बसविले, अशी आख्यायिका आपण सारेच मुलांना सांगतो.

पुढचा भाग मात्र सहसा सांगत नाही. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअर कवडीमोल झाले. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण घेऊन सढळ हाताने कर्जे दिली होती व त्या कर्जवाटपावर शेठजींचा मोठा प्रभाव होता. बँक बुडाली, १८६८ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. शेठजींचेही दिवाळे निघाले, हे खरे. तथापि दान त्यांनी स्वतःच्या पैशाचे केले होते. जोखीम मात्र इतरांच्याही पैशाची घेतली होती. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही हे नमूद केले पाहिजे.

आपल्या आचार्यांनी हा विषय दानावर सोडलेला नाही. तत्त्वार्थसूत्रात कमीजास्त मापे ठेवणे आणि मालात भेसळ करणे हे अचौर्य व्रताचे अतिचार सांगितले आहेत. म्हणजे व्रताची कसोटी थेट दुकानाच्या गादीवरच! २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करण्यास सांगितले. ते योग्यच झाले. पण उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, हे त्या कलमात विचारलेले नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. गिऱ्हाईक अडलेले होते, भाव चढवता आले असते. वडिलांनी धोतरे-लुगडी जुन्याच भावाने आणि उधारीवर दिली. काही खाती पुढे कधीच वसूल झाली नाहीत, आणि त्यांनी तगादाही लावला नाही. आपल्या धर्मशाळेच्या देणगीदार फलकावर त्यांचे नाव नाही, माझे आहे. त्या सालची खतावणी मात्र अद्याप दुकानाच्या कपाटात आहे.