एका मार्काची महदंबा

मागच्या महिन्यात धाकटी नात आली होती. दिवसभर कानात बोंडुके घालून गाणी ऐकणे चालू. कोण गातेय विचारले तर म्हणाली, "आजी, ही जोनी मिचेल. स्वतःच लिहिते, स्वतःच चाल लावते, स्वतःच गाते. तुमच्यात अशा बायका होत्या का गं?" त्या 'तुमच्यात'चे मला हसू आले. म्हटले, होत्या की! सातशे वर्षांपूर्वी, आणि त्याही आपल्या वऱ्हाडात.

महदंबा, म्हणजेच महदाइसा. मी शाळेत इतकी वर्षे मराठी शिकवले, दरवर्षी 'मराठीतील आद्य कवयित्री कोण?' हा प्रश्न घातला आणि 'महदंबा' लिहिले की एक मार्क दिला. पण ही बाई गात होती, उभ्या उभ्या रचून गात होती, हे एकाही वर्गाला सांगितले नाही. खरे तर मलाच ते नीट उमगले नव्हते.

तिचे मूळ नाव रूपाईसा. विद्वानांच्या घरातली, बालविधवा. चक्रधरस्वामींची शिष्या झाली. लीळाचरित्रात ती सारखी काहीतरी विचारत असते आणि स्वामींना तिच्या जिज्ञासेचे कौतुक वाटते. (वर्गात अशी एक मुलगी असली की शिक्षकाची तारांबळ उडते, पण तास रंगतो!) स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर ती चुलतभाऊ नागदेवाचार्यांबरोबर रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. हे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. २०२४ साली तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ते हेच गाव.

गोविंदप्रभू लहान मुलासारखे, मनात येईल ते करणारे. एकदा त्यांच्या मनाने लग्नाचे घेतले. भक्तांनी लग्नाचा थाट मांडला. लग्न म्हटले की धवळे हवेत, म्हणजे वराला उद्देशून म्हणायची मंगल गाणी. ती महदंबेने म्हटली. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची कथा धरली आणि गात गेली. पूर्वार्ध असा तिथल्या तिथे झाला, उत्तरार्ध मागाहून रचला. ज्ञानेश्वरी १२९० ची, तिच्या थोडे आधीची ही गोष्ट.

आमच्या लकडगंजात लाकडाच्या व्यापारातली गुजराती कुटुंबे पुष्कळ. त्यांच्याकडे 'धोळ' म्हणतात ते याच शब्दाचे भावंड, हे मला फार उशिरा कळले. शेजारचे धोळ ऐकत मी भाजी निवडत बसे आणि धवळ्यांचा अर्थ पुस्तकात शोधत असे!

पण मला अडवते ती वेगळी गोष्ट. महदंबा विधवा होती. विधवेने लग्नमंडपात पुढे यायचे नाही ही आपल्याकडची रीत. आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो, तिचे गाणे हे लग्नाचे गाणे!

माझी एक आत्या लहानपणीच विधवा झाली होती. घरात कुणाचेही लग्न असले की नवऱ्या मुलीवर, विहिणीवर, आचाऱ्यावरसुद्धा गाणी जुळवायची. चाल तिची, शब्द तिचे. पण मंडपात नाही, मागच्या खोलीत. पुढे बसलेल्या सवाष्णी ती गाणी तिच्याकडून शिकून घेत आणि मंडपात म्हणत. वाहवा त्यांची होई. मीही त्यात असे. तिला पुढे बोलवावे, असे माझ्या मनातसुद्धा आले नाही... शिकलेली होते मी, बी.ए. मराठी.

महदंबेचे धवळे टिकले कारण पंथाने ते लिहून ठेवले. नागदेवाचार्यांनी तर आपल्या पंडित शिष्याला संस्कृतात लिहू नको म्हणून बजावले होते, का, तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. पुढे पोथ्या सांकेतिक लिपीत बंद झाल्या आणि कित्येक शतके बाहेरच्यांना त्या वाचताच आल्या नाहीत. विसाव्या शतकात त्या उलगडल्या, त्यात विदर्भातल्या माणसांचा वाटा मोठा. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ चे. लीळाचरित्र नागपुरात ह. ना. नेने यांनी संपादून काढले, पुढे वि. भि. कोलते यांनी.

बहिणाबाई चौधरींचेही तसेच. शेतात, जात्यावर गायलेले शब्द मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी उतरवून घेतले, म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघाले.

आत्याचे कुणीच उतरवून घेतले नाही. माझ्या हातात तर रोज खडू असायचा.

नातीने महदंबेचे नाव वहीत लिहून घेतले आणि विचारले, "आत्याआजीचे एखादे म्हणून दाखव ना." मला आचाऱ्यावरच्या गाण्याची चाल आठवली, शब्द दोनच ओळींचे. तेवढे तिने मोबाइलवर टिपून घेतले. माझ्या चुलत-आते बहिणींनो, तुमच्यापैकी कुणाला पुढचे आठवत असेल तर फोन करा. दुपारी करा, संध्याकाळी मला ऐकू कमी येते.