झांझिबार व्हाया मुंबई

१९२८ साली झांझिबारची गायिका सिती बिंती साद समुद्र ओलांडून मुंबईत आली ती गाणी ध्वनिमुद्रित करायला. एकेकाळी डोक्यावर मडकी घेऊन ती विकत फिरणाऱ्या या बाईची स्वाहिली ताराब गाणी इथे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरली आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दूरवर पोहोचली. आफ्रिकी संगीताच्या इतिहासात मुंबईचं हे पान ठळकच असायला हवं.

त्याच झांझिबार बेटावर १९४६ मध्ये फारोख बलसारा जन्मला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकताना, १९५८ च्या सुमारास, तो ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवू लागला. पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी झाला.

त्याच्या ‘क्वीन’ या बँडचा पहिला हार्ड रॉक अल्बम १९७३ चा. १९७८ च्या ‘जॅझ’ या अल्बमची सुरुवात मात्र ‘मुस्तफा’ या गाण्याने होते, आणि त्या अरबी वळणाच्या हाकेत झांझिबारचा वारा स्पष्ट जाणवतो.