मेणबत्ती आणि फ्रीऑन

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पाश्चात्यांच्या ज्या घरांत शीतकपाट आलें, त्यांत त्याबरोबर भीतीहि आली. नळ्यांतून खेळणारे अमोनिया, सल्फर डायॉक्साइड वा मेथिल क्लोराइड हे वायु विषारी. नळी फुटली कीं माणसें झोपेंतच दगावत. बर्लिनमधील अशा एका कुटुंबाच्या मृत्यूची वार्ता वाचून आइन्स्टाइन यांनीं झिलार्ड या तरुण स्नेह्यासह हलते भाग नसलेलें शीतकयंत्र योजिलें, असें सांगतात.

परंतु लोकांस धीर दिला तो थॉमस मिजली या अमेरिकनानें. १९२८ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं फ्रीऑन शोधून काढला. आणि १९३० सालीं रसायनज्ञांच्या सभेंत त्यानें तो वायु छातींत भरून घेऊन उच्छ्वासानें मेणबत्ती विझविली. विषारी नाहीं, ज्वालाग्राहीहि नाहीं, हें एका फुंकरींत दिसलें! (पेट्रोलांत शिसें मिसळण्याची युक्तीहि याच गृहस्थाची.)

शीतकपाट आंतली उष्णता बाहेर टाकतें. हीट पंप त्याच रीतीनें बाहेरची उष्णता घरांत आणतो. १९३८ सालीं झुरिकच्या नगरसभागृहास लिमाट नदीच्या पाण्यांतून ऊब पुरविणारा पंप बसला, तो फ्रीऑनवरच.

मिजलीचें चुकलें कोठें? हा वायु सहसा कशाशींहि संयोग पावत नाहीं, हा त्याचा गुण. आणि त्यामुळेंच तो न विघटतां अगदीं वरच्या वातावरणांत पोंचतो. तेथें अतिनील किरणांनीं त्यांतील क्लोरीन सुटतो व ओझोनचा नाश करतो. मोलिना व रोलंड यांनीं हें १९७४ सालीं मांडलें. १९८५ सालीं अंटार्क्टिकावरील खिंडार जगास कळलें, आणि १९८७ सालीं माँट्रियलचा करार झाला.

नंतरच्या शीतकांत क्लोरीन नव्हता. पण त्यांपैकीं १३४-अ हें उष्णता कोंडण्यांत कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें १४०० पट प्रबळ! म्हणून २०१६ सालीं किगाली येथें त्यांसहि आवर घालण्याचें ठरलें.

आतां हीट पंपांत प्रोपेन येत आहे. हा आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरांतल्या वायूचाच भाऊबंद. वातावरणास जवळजवळ निरुपद्रवी, पण मिजलीची मेणबत्ती यानें विझली नसती, सभागृहच पेटलें असतें. म्हणून यंत्रांत तो थोडाच भरतात, व शक्य तेथें यंत्र घराबाहेर ठेवतात. मुंबईच्या गोदरेज कंपनीनें २०१२ सालीं प्रोपेनवर चालणारीं वातानुकूलन यंत्रें बाजारांत आणलीं. वायु भरतांना तोंडांत विडी धरणाऱ्या कारागिराच्या हातीं मात्र तीं देतां येत नाहींत.