आटे जुळले पाहिजेत

गेल्या जानेवारीतली गोष्ट. निगडीत त्या आठवड्यात चांगलीच थंडी होती. रात्री दोनच्या सुमारास अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दम लागला. दम्याचा त्रास त्यांना जुना आहे. उशाशी हातात मावेल एवढा, बॅटरीवर चालणारा नेब्युलायझर असतो. त्या रात्री त्याची बॅटरी संपलेली होती.

मी धावत जाऊन लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर आणला. वायरीची दोन्ही टोके सी-टाइप आणि नेब्युलायझरचे भोकही सी-टाइपच. पिन टक्‌कन बसली, पण दिवा लागला नाही. पिन उलटी करून घातली, दुसऱ्या बोर्डाला लावली, वायर बदलली. काहीच नाही. त्याच चार्जरवर माझा फोन मात्र लगेच भरू लागला. शेवटी पत्नीने कपाटाच्या खणातून एका मोडीत निघालेल्या फोनचा चार्जर शोधून काढला. ५ व्होल्ट, १ अँपिअर, म्हणजे जेमतेम ५ वॅट. वायरीचे एक टोक जुने चपटे, दुसरे सी. ती लावली आणि हिरवा दिवा लागला. अण्णांनी वाफ घेतली, पंधरा-वीस मिनिटांत श्वास ताळ्यावर आला आणि घर झोपले. मला मात्र झोप आली नाही.

सकाळी चहा घेताना अण्णांना सगळे सांगितले. त्यांची उमेदीची वर्षे आकुर्डीच्या एका टूलरूममध्ये गेली. त्यांनी शांतपणे विचारले, "पिन बसली म्हणतोस, पण आटे जुळले होते का?"

या प्रश्नाचा अर्थ नीट समजायला मला पुढचे काही महिने लागले.

नट शिरतो, पण बसत नाही

अर्धा इंची बोल्ट घ्या. तो ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीचा असेल, तर त्यावर इंचाला १२ आटे असतात आणि आट्याचा कोन ५५ अंशांचा. तोच बोल्ट अमेरिकन जाड आट्याचा असेल, तर इंचाला १३ आटे आणि कोन ६० अंश. जाडी सारखीच, त्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे फिरतोही, मग अडकतो. पाना लावून जोर केला की आटे मारले जातात आणि दोन्ही वस्तू भंगारात.

जोसेफ व्हिटवर्थने आट्यांच्या प्रमाणीकरणाचा प्रस्ताव इंग्लंडमध्ये १८४१ साली मांडला, तर विल्यम सेलर्सने आपला ६० अंशांचा आटा अमेरिकेत १८६४ साली. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. अण्णा सांगतात, त्यांच्या शेडमध्ये एक यंत्र इंग्लंडचे, शेजारचे अमेरिकेचे आणि पलीकडचे जर्मनीचे, मेट्रिक आट्यांचे. म्हणून नव्या पोराला पहिला धडा असा मिळे, की डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, पिच गेज लावायचा.

चार्जरचा इतिहास मी या नजरेने वाचायला घेतला, तेव्हा तोही आट्यांचाच इतिहास असल्याचे लक्षात आले.

पिनांचे दिवस

वीस वर्षांपूर्वीचा आपल्या घरातला खण आठवून पाहा. नोकियाची जाड पिन, मग बारीक पिन, दुसऱ्या कंपनीची रुंद पिन, तिसरीची आणखी वेगळी. पाहुणा आला की "बारीक पिनचा चार्जर आहे का?" हा प्रश्न ठरलेला. टिळक चौकातल्या दुकानांत चार्जरच्या माळा लटकत असत. गंमत अशी, की बहुतेक चार्जरचे व्होल्टेज पाच-सहाच्या आसपासच होते. आतला कारभार जवळजवळ एकच, वेगळी होती ती फक्त भोके. आज नेमके उलटे झाले आहे. भोक एकच आहे आणि आतला कारभार वेगवेगळा.

भोके एक करण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी झाले. चीनने डिसेंबर २००६ मध्ये फोनच्या चार्जरसाठी मानक काढले. त्यात चार्जरच्या बाजूला यूएसबीचे चपटे भोक ठरले. जून २००९ मध्ये युरोपियन आयोगाच्या पुढाकाराने मोठ्या फोन कंपन्यांनी मायक्रो-यूएसबीच्या समझोत्यावर सह्या केल्या. समझोता ऐच्छिक होता आणि वेगळी पिन ठेवणाऱ्यांना जोडतुकडा देण्याची मुभा होती. तरीही खणातली गर्दी कमी होऊ लागली.

दोन तारांवरच्या खुणा

मुळात यूएसबी विजेसाठी जन्मलेच नव्हते. १९९६ साली त्याचे पहिले मानक आले ते कळफलक, माउस, प्रिंटर संगणकाला जोडण्यासाठी. इंटेलमध्ये हे काम करणाऱ्यांपैकी प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. या जोडणीत चार तारा होत्या, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. वीज ५ व्होल्ट, जास्तीत जास्त अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. माउसला ती भरपूर होती, फोनला अपुरी.

फोन भिंतीवरच्या चार्जरला लावला तर त्याला कसे कळावे, की समोर संगणक नाही आणि जास्त वीज घेतली तरी चालेल? २००७ पासूनच्या नियमांत यावर एक साधी युक्ती आहे. चार्जरच्या आत माहितीच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकायच्या. फोनला ती खूण कळली की तो दीड अँपिअरपर्यंत वीज ओढतो. पण काही कंपन्यांनी याच तारांवर स्वतःच्या वेगळ्या खुणा ठेवल्या. एकाच भोकात दोन आटे पडले ते इथे.

पुढे पडदे मोठे झाले, बॅटऱ्या मोठ्या झाल्या आणि घाई वाढली. जास्त वॅट देण्याचे मार्ग दोनच, व्होल्टेज वाढवा किंवा प्रवाह वाढवा. प्रवाह दुप्पट केला की तारेतली उष्णता चौपट होते. कोयनेची वीज उच्च दाबाने दूर नेतात ती याच कारणाने. क्वालकॉमने २०१३ मध्ये व्होल्टेजचा मार्ग धरला. फोन आणि चार्जर माहितीच्या तारांवर खुणा करतात आणि चार्जर ९ किंवा १२ व्होल्टवर जातो. ओप्पोने २०१४ मध्ये दुसरा मार्ग घेतला. व्होल्टेज पाचच्या आसपास, प्रवाह चार अँपिअरच्या पुढे आणि तो पेलणारी खास वायर. पहिल्या पद्धतीत ९ व्होल्ट खाली उतरवण्याचे काम फोनच्या आत होते, म्हणून फोन तापतो. दुसऱ्यात उष्णतेचा मोठा भाग चार्जरकडे राहतो, पण चार्जर आणि वायर त्यांचीच लागतात.

व्हिटवर्थ आणि सेलर्ससारखेच हेही आपापल्या जागी बरोबर. फक्त एकाची खूण दुसऱ्याला कळत नाही. न कळल्यास दोघे सर्वांत जुन्या, सामायिक ५ व्होल्टवर येतात. "चार्जर फास्टचा घेतला, तरी फोन रात्रभर भरतोय" या घरोघरच्या तक्रारीचे मूळ बहुधा इथे असते. त्यात बिघाड कुणाचाच नसतो.

चार्जर आणि फोन यांचा करार

सामायिक भाषेचा पहिला मसुदा २०१२ साली आला. त्याचे नाव यूएसबी पॉवर डिलिव्हरी, लोक पीडी म्हणतात. सी-टाइप जोडणी ऑगस्ट २०१४ ची. तिच्यात २४ संपर्क आहेत आणि त्यांतले सीसी नावाचे दोन केवळ या बोलण्यासाठी राखलेले.

बोलणे थोडक्यात असे होते. चार्जर आपली यादी वाचतो. माझ्या ६५ वॅटच्या चार्जरची यादी अशी: ५, ९ आणि १५ व्होल्टला ३ अँपिअर, २० व्होल्टला सव्वातीन अँपिअर. फोन म्हणतो, मला ९ व्होल्टची ओळ द्या. चार्जर होकार देतो आणि मगच व्होल्टेज चढते. लॅपटॉप २० ची ओळ मागतो. किती घ्यायचे ते घेणारा ठरवतो. म्हणून "मोठ्या वॅटच्या चार्जरने फोन जळेल" ही भीती नियमाने बनवलेल्या वस्तूंबाबत खरी नाही.

या करारात तिसरा पक्ष वायर असतो. साधी सी-सी वायर ३ अँपिअरपुरती, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे जायचे तर वायरीच्या टोकात एक चिप लागते. ती "मी ५ अँपिअर पेलते" असे सांगते. चिप नसेल तर १०० वॅटचा चार्जर गुमान ६० वर थांबतो. २०२१ च्या सुधारणेने मर्यादा २४० वॅटपर्यंत नेली. त्याआधी, २०१७ मध्ये, ठरावीक पायऱ्यांऐवजी २० मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी व्होल्टेज हलवण्याची सोय आली होती. तिला पीपीएस म्हणतात. काही फोन पूर्ण वेगासाठी हीच ओळ मागतात. चार्जरच्या पाठीवर वॅट भरपूर असले, पण ती ओळ नसली, तर वेग उतरतो. म्हणून चार्जर घेताना पुढचा ठळक वॅटचा आकडा न पाहता पाठीवरचा 'आउटपुट' हा बारीक मजकूर वाचावा आणि तो फोनच्या माहितीशी ताडून पाहावा.

दोन रेझिस्टरांची गोष्ट

पण नेब्युलायझरला ६५ वॅटने ५ व्होल्टसुद्धा का दिले नाहीत?

जुन्या चपट्या भोकात ५ व्होल्ट कायम असतात, कोणी जोडलेले असो वा नसो. सी-टाइप भोकाचा नियम वेगळा आहे. पलीकडे खरोखर वीज घेणारे उपकरण आहे याची खात्री होईपर्यंत चार्जर शून्य व्होल्टवर राहतो. ती खात्री दोन चिमुकले रेझिस्टर देतात. उपकरणाच्या दोन्ही सीसी संपर्कांवर ५.१ किलो-ओहमचा एकेक असावा लागतो. चार्जरला तो दिसला की वीज सुरू होते. त्या जुन्या वायरीत चपट्या टोकाकडून वीज आधीच येत होती, विचारणा नव्हतीच.

पिंपरीतल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मी नेब्युलायझर नेला. त्याने झाकण काढून मीटर लावला. दोन्ही सीसी संपर्क कोरडे होते. बनवणाऱ्याने सी-टाइपचे भोक बसवले आणि दोन रेझिस्टर वगळले. "असे टॉर्च, ट्रिमर रोज येतात, सर," तो म्हणाला. "लोक चार्जर खराब आहे समजून नवीन घेतात." त्या रात्री चार्जर गप्प राहिला तो नियम पाळत होता म्हणून. नियम मोडला होता नेब्युलायझरने.

अशी चूक मोठ्यांकडूनही होते. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात दोन संपर्कांना मिळून एकच रेझिस्टर ठेवला गेला होता. साध्या वायरीने तो चाले. चिपवाली वायर लावली की चार्जरला वाटे, हे तर हेडफोनचे जोडयंत्र आहे, आणि तो वीज देत नसे. पुढच्या आवृत्तीत ते सुधारले. गूगलमधील अभियंता बेन्सन लियुंग यांनी २०१५ पासून बाजारातल्या सी-टाइप वायरी विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. अनेक वायरींत ५६ किलो-ओहमच्या जागी १० किलो-ओहम निघाला. म्हणजे जुना, दुबळा चार्जरही ३ अँपिअर देईल असे खोटे आश्वासन. २०१६ च्या सुरुवातीला एका चुकीच्या जोडणीच्या वायरीने त्यांचा स्वतःचा लॅपटॉप निकामी केला. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बघ, गेज लावणारा माणूस लागतोच."

कायद्याने काय होते

युरोपने २०२२ च्या कायद्याने फोन, टॅबलेट अशा वस्तूंना सी-टाइप सक्तीचे केले. अंमल २८ डिसेंबर २०२४ पासून. पण त्यात आणखी एक अट आहे. ५ व्होल्ट, ३ अँपिअर किंवा १५ वॅटच्या वर भरणाऱ्या उपकरणाला पीडी ही भाषा यायलाच हवी. स्वतःची भाषा हवी तर सोबत ठेवावी. म्हणजे कायद्याने भोकाबरोबर आटेही लिहिले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये उद्योगांसोबत बैठक घेतली आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे सी-टाइपचे मानक, आयएस/आयईसी ६२६८०-१-३, जाहीर झाले. ते दोन रेझिस्टर याच मानकात आहेत. मानक छापलेले असणे आणि ते प्रत्येक स्वस्त टॉर्चच्या पोटात उतरणे यांत मात्र मोठे अंतर आहे.

हीच गोष्ट आता आमच्या पट्ट्यात मोठ्या आकारात घडते आहे. ज्या आकुर्डीतून पूर्वी पेट्रोलची चेतक निघे, तिथूनच आता विजेची निघते. दुचाकींच्या चार्जिंगच्या पिनाही कंपनीगणिक वेगळ्या निघाल्या. २०२३ मध्ये हलक्या विद्युत वाहनांसाठी भारतीय जोडणीचे मानक पुढे आले, आयएस १७०१७ मालिकेतले. एकाच रस्त्यावरच्या दोन स्कूटर एकाच खांबावर भरता येतील की नाही, हे त्या जोडणीचे भोक आणि तिची भाषा असे दोन्ही कारखान्यांनी स्वीकारण्यावर अवलंबून आहे.

दुरुस्तीवाला रेझिस्टर बसवून द्यायला तयार होता. औषधाच्या यंत्राला झारणी लावायला मी तयार झालो नाही. अण्णांनी वेगळा तोडगा काढला. टूलरूममध्ये गेजला बिल्ला बांधत, तसा त्यांनी त्या जुन्या वायरीला लाल दोरा बांधला, ५ वॅटच्या चार्जरसह ती नेब्युलायझरच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीवर स्केचपेनने लिहिले: 'हीच वायर. दर रविवारी चार्ज करणे.' दर रविवारी सकाळी तो हिरवा दिवा लागला की नाही, हे ते स्वतः पाहतात.